कॉलेजच्या मुलांबरोबर शिकायला जाताय? फोन आपल्याच हातात ठेवा

मी ७३ वर्षांची आहे, बडोद्यात दांडिया बाजारात राहते. १९७४ ते २०१० एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनिअर पेन्सिलीनं ड्रॉइंग काढायचे, मी त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून बसवायची आणि शाईनं ते उतरवून घ्यायची. गेल्या दोन वर्षांत आमच्या इथल्या एका कॉलेजच्या उपक्रमात मी दोनदा बसले. एक वयस्क माणूस आणि एक विद्यार्थी अशी जोडी लावतात. दर शनिवारी दीड तास, असे दहा शनिवार. निम्मा वेळ मुलं आपल्याला शिकवतात, निम्मा वेळ आपण त्यांना काही शिकवायचं.

भजनी मंडळातल्या बायका आणि जिन्यात भेटणारे वरच्या मजल्यावरचे काका मला एकच विचारतात, "आपल्याला जमेल का हो?" जमतं. मात्र काही गोष्टी आधी माहीत असल्या तर पहिले तीन-चार शनिवार वाया जात नाहीत. माझे गेले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक जुनी गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १९९६ साली आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. आम्हाला ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा प्रोग्रॅम, शिकवायला एक ट्रेनी मुलगा नेमला. मुलगा हुशार होता, स्वभावानंही चांगला. मी माउस धरून रेघ ओढायला जायची, दोन मिनिटांत तो म्हणायचा, "काकू, राहू द्या, मी करून देतो," आणि माउस त्याच्या हातात जायचा. मी शेजारी बसून बघायची. बघताना वाटतं, सगळं कळतंय. तीन महिन्यांनी साहेबांनी विचारलं तेव्हा मला एक चौकोन धड काढता येत नव्हता. पुढची १४ वर्षं मी रेकॉर्ड रूममध्ये प्रिंटच्या घड्या घालून फायलींत लावल्या. ज्या हातानं २२ वर्षं शाईची रेघ ओढली, तो हात घड्या घालत राहिला. त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं की शिकवताना हात मागे घ्यायचा असतो, आणि मलाही माउस घट्ट धरून ठेवावा हे सुचलं नाही.

म्हणून सांगते, उपक्रम कुठलाही असो, शिकणाऱ्याच्या हातातली वस्तू शिकवणाऱ्यानं घ्यायची नाही. ते आपल्याला फोन शिकवतात तेव्हा फोन आपल्या हातात राहील. आपण त्यांना काही शिकवतो तेव्हा आपलं हत्यार त्यांच्या हातात जाईल.

नाव देण्याआधी

फॉर्म भरताना चार गोष्टी विचारून घ्या. जोडी दहाही शनिवार तीच राहणार की दर वेळी नवा विद्यार्थी येणार? दर वेळी नवा चेहरा असेल तर मी जाऊ नका असंच म्हणेन. पहिला अर्धा तास ओळखीत जातो, आणि कालचं कुठवर आलं होतं हे कुणालाच माहीत नसतं. दुसरं, जागा कोणत्या मजल्यावर आहे? आमचं आधी दुसऱ्या मजल्यावर ठरलं होतं, लिफ्ट नव्हती. आम्ही तिघींनी मिळून उपक्रम बघणाऱ्या मॅडमना फोन केला, तर तळमजल्यावरचा हॉल मिळाला. सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. २५ वर्षांच्या माणसाला जिना दिसत नाही. बाथरूम किती लांब आहे तेही त्याच फोनवर विचारा, लाजू नका.

तिसरं, महिना. बडोद्यात एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी चार वाजताही रस्ता तापलेला असतो, आणि मुलांच्या परीक्षाही त्याच सुमाराला. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आठवड्यात कुणी येत नाही, सगळे गच्चीवर पतंग उडवायला. नवरात्रात मुलं पहाटेपर्यंत गरबा खेळतात, शनिवारी डोळे उघडत नाहीत. जुलै ते नवरात्राच्या आधी, नाहीतर उत्तरायण झाल्यावर मार्चपर्यंत, असे दोनच काळ चांगले.

आणि चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: आम्हीही शिकवायचं आहे का, की नुसतं शिकायचं? नुसतं शिकायचं असेल तर तो मोबाइलचा क्लास झाला. तोही उपयोगी आहे, पण तिथे आपण दहा आठवडे 'ज्यांना येत नाही ते' म्हणून बसतो. पहिल्या दिवशी कॉलेजच्या प्राध्यापकांनी आम्हाला गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं सांगितलं. १९५४ साली त्यांनी लिहिलं की दोन गटांतली माणसं नुसती एकत्र बसवून मनातल्या अढ्या जात नाहीत. दोघांचं स्थान बरोबरीचं हवं, काम दोघांचं मिळून एक हवं, ते एकमेकांच्या मदतीनं व्हायला हवं, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. मी हे चारही मुद्दे डायरीत उतरवून घेतले. लिहिताना मला आमचं १९९६चं ऑफिस आठवत होतं. त्या टेबलाशी यातलं पहिलंच नव्हतं.

आपलं काहीतरी घेऊन जा

"मला काय येतं शिकवण्यासारखं?" असं प्रत्येक जण म्हणतो. बायका तर हमखास. माझी एक मैत्रीण तीन आठवडे रिकाम्या हातानं येत होती. चौथ्या आठवड्यात तिच्या जोडीदार मुलाच्या शर्टाची बाही उसवलेली होती, तिनं पर्समधून सुई-दोरा काढून त्याच्याच हातात दिला. पुढचे सहा शनिवार तो काजं-बटणं, हेमिंग, रफू शिकला. ३१ वर्षं बँकेत असलेले एक काका हिशेबाच्या वहीचं पान कसं आखायचं ते शिकवायचे, आणि त्यांची जोडीदार कॉमर्सचीच असून म्हणायची की हे आम्हाला कुणी हातानं करायला लावलंच नाही.

निवडताना एवढं बघा: पाऊण तासात एक टप्पा पुरा व्हावा, हातानं करायचं असावं, आणि बिघडलं तर दुरुस्त करता यावं. आयुष्याच्या गोष्टी सांगणं वेगळं. त्या आपोआप निघतात, हात चालू असताना चांगल्या निघतात. समोरासमोर खुर्च्या टाकून "आमच्या वेळी" सुरू केलं की मुलं मान डोलावतात आणि मनातून उठून जातात. मी पाहिलंय ते.

मी माझी पेटी घेऊन गेले. पेटी माझ्या वडिलांची. ते कलाभवनात शिकले. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या काळात त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताखाली सुरू झालेलं आपलं कलाभवन, जे पुढे विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झालं. पेटीत त्यांचा कंपास, डिव्हायडर, रूलिंग पेन आहे, आणि माझी तीन शाईची पेनं, ०.२, ०.३ आणि ०.५ मिलिमीटरची.

माझी जोडीदार बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, छोटा उदेपूरकडची, हॉस्टेलवर राहणारी. ड्रॉइंगशी तिचा संबंध नव्हता. पेनं बघून म्हणाली, याचं काय करतात? मी ट्रेसिंग पेपरचा तुकडा टेपनं टेबलावर चिकटवला, पट्टी ठेवली आणि ०.३चं पेन तिच्या हातात दिलं. तिनं ते बॉलपेनासारखं तिरकं धरलं. ही पेनं उभी धरावी लागतात, तिरकी धरली की टोकाची नळी कागदाला पुरती टेकत नाही आणि रेघ तुटते. तिची तुटली. मग तिनं दाबलं, आणि पट्टीखाली शाई पसरली.

माझा हात पुढे गेला. खरंच गेला. ते पेन तिच्या हातातून घेऊन "हे असं" म्हणून दाखवायला मला अर्धा सेकंद पुरला असता. मी हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. तोंडानं सांगितलं: पेन उभं कर. अजून. आता दाबू नकोस, पेनाच्या वजनानंच शाई उतरते. पट्टीची उतरती कड वर नको, खाली येऊ दे, म्हणजे शाई खाली ओढली जात नाही. सातवी रेघ अखंड आली. त्या रेघेकडे ती ज्या नजरेनं बघत होती, ती नजर मी ओळखते. १९७४ साली माझीही अशीच होती.

मग डाग. डाग पडला की मुलांना वाटतं कागद गेला. त्यांच्या कामात मागे जायचं बटण असतं. मी अर्धं ब्लेड काढलं. शाई पुरती वाळू द्यायची, फुंकर मारायची नाही. मग ब्लेड जवळजवळ उभं धरून वरवर खरवडायचं, जोर लावला तर कागदाला भोक पडतं. शाईची भुकटी झटकायची आणि त्या जागेवर नख घासायचं, म्हणजे खरवडलेला कागद पुन्हा गुळगुळीत होतो. नाहीतर वरून ओढलेली रेघ पसरते. हे तिनं मन लावून केलं. डाग काढायला मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं ते सरस्वतीचं काम आहे असं समजून, आणि मीही तिला तसंच शिकवलं.

तिसऱ्या शनिवारी तिनं विचारलं, हे गुजरातीत लिहिता येईल का? तिच्या वडिलांची गावात पिठाची गिरणी आहे, तिला गिरणीची पाटी करायची होती. इथे माझंच अडलं. मी ३६ वर्षांत इंग्रजी कॅपिटल आणि आकडे सोडून शाईनं काही लिहिलं नव्हतं. अक्षरांच्या उंच्या मला झोपेतही येतात, २.५, ३.५, ५, ७ मिलिमीटर. पण गुजराती अक्षराला वर शिरोरेषा नसते. देवनागरीत अक्षरं त्या रेषेला टांगता येतात, गुजरातीत वरची ओळ डोळ्यानंच सांभाळावी लागते. आम्ही पेन्सिलीनं वरखाली फिकट रेघा आखल्या. अक्षराचं वळण तिनं सांगायचं, माप मी सांगायचं. पाटी चार फूट बाय दीड फूट, ती एकास दहाच्या मापात कागदावर बसवली. पुढचे सगळे शनिवार आमचं काम तेच होतं. ऑलपोर्ट साहेबांचं 'दोघांचं मिळून एक काम' ते हे, असं मला तेव्हा वाटलं.

म्हणजे तुम्हाला पुरतं येत नाही असं काही पोरांनी मागितलं, तर नाही म्हणू नका.

फोनचा पाऊण तास

घरी काय होतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगा अहमदाबादहून येतो, मी विचारते, हे कसं करायचं? तो प्रेमानंच फोन घेतो, अंगठा चारदा फिरतो, "झालं आई." झालं खरं, पण त्याचं.

म्हणून पहिल्याच दिवशी आपल्या जोडीदाराला सांगून टाका: फोन मी धरणार, तू फक्त बोट दाखवायचं, तेही काचेला न लावता. माझ्या जोडीदार मुलीला हे सांगितलं, तिला दोन आठवडे फार जड गेलं. तिचं बोट आपोआप पुढे यायचं. मग तीच हात मागे बांधून बसायला लागली आणि म्हणायची, "मासी, तमे करो, हुं जोउं छुं." तुम्ही करा, मी बघते. तीस वर्षांपूर्वी मला हे वाक्य हवं होतं.

एका शनिवारी एकच गोष्ट. मुलं उत्साहात पाच दाखवतात. थांबवा. ती एक गोष्ट तिथेच तीनदा करा: एकदा ती सांगेल तसं, एकदा तिनं गप्प राहून, आणि एकदा चहा झाल्यावर, पहिल्यापासून. मग डायरीत स्वतःच्या शब्दांत लिहा. छापील कागद देतात तो ठेवा, पण त्यावर विसंबू नका. 'सेटिंग'ला मी 'दात्याचं चक्र' लिहिलंय, कारण मला ते गिअर दिसतं. फोन नवा आला, चित्रं बदलली, तरी आपले शब्द आपल्याला वाट दाखवतात.

काय शिकायचं याची यादी आपण घरून न्यावी. माझ्या यादीत पहिलं होतं हयातीचा दाखला. कारखान्यातल्या नोकरीमुळे माझी ईपीएसची, म्हणजे पीएफ खात्याकडून मिळणारी, पेन्शन आहे. रक्कम लहान आहे, पण माझी आहे. ईपीएसवाल्यांना दाखला नोव्हेंबरातच द्यायला हवा असं नाही, वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. माझी अडचण अशी की मशीनवर माझा अंगठा लागत नाही. कागद, शाई, ब्लेड आणि वय, बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. दर वर्षी काउंटरवर चार-पाचदा अंगठा दाबायचा, पुसायचा, पुन्हा दाबायचा, मागे रांग.

चेहऱ्यावरून दाखला देता येतो हे मला माहीतच नव्हतं. त्यासाठी फोनमध्ये दोन ॲप लागतात: 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी'. हाताशी आधार नंबर, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशाचा), बँकेच्या खात्याचा नंबर आणि आधारला जोडलेला मोबाइल ठेवा, कारण ओटीपी त्यावर येतो. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात घरूनच लिहून न्या. पर्समध्ये पासबुक शोधण्यात अर्धा तास जातो. चेहरा दाखवताना उजेड तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी नको, चष्मा काढा, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा. सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायची. पहिल्यांदा मी पापणी इतकी सावकाश मिटली की त्यानं मानलंच नाही. तिसऱ्या वेळी झालं. दाखल्याचा नंबर मेसेजमध्ये आला, तो मी डायरीत लिहिला आणि मुलाला पाठवला, स्वतः.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी जोडीदाराकडून स्पष्ट करून घ्या, आणि मुलांना त्या समजावून सांगता येतात का तेही बघा, त्यांचाही सराव होतो. यूपीआयवर पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. क्यूआर कोड स्कॅन करतो तो द्यायला, घ्यायला नव्हे. आणि व्हिडिओ कॉलवर पोलीस कुणाला अटक करत नाहीत, 'डिजिटल अरेस्ट' असं काही कायद्यात नाही. फसलोच तर लाज न धरता लगेच १९३० वर फोन करायचा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आमच्यातल्या एका आजोबांनी असा कॉल आल्यावर तो बंद करून आपल्या जोडीदार मुलाला फोन केला. घरच्यांना नाही केला. म्हणाले, घरचे रागावले असते.

पिन टाइप करताना मुलांनी तोंड फिरवायचं, हा नियम दोघांनी पाळायचा. मुलांवर अविश्वास म्हणून नव्हे. उद्या काही इकडचं तिकडे झालं तर त्या पोरावर आळ यायला नको. पैसे उसने देणं-घेणं नाही. भेटवस्तू नाहीत. शेवउसळ चालते. ती मुलं पावसाळ्यात एकदा स्टीलच्या डब्यातून सगळ्यांना घेऊन आली होती, तर्री वेगळ्या बाटलीत.

पहिल्या पाच मिनिटांत काय बोलू नये

हे मी चुकून शिकले, आणि चूक माझी होती.

आपण ज्या घरांत वाढलो तिथे नवीन माणसाला पहिलं विचारायचं ते आडनाव. आडनावावरून गाव, गावावरून घराणं. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मी त्या मुलीला नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि ऐकल्यावर माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे आदिवासी ना?" वाईट हेतूनं नव्हे. पण हेतू तिला दिसला नाही, शब्द ऐकू आले. ती "हा" म्हणाली आणि उरलेला सव्वा तास एका शब्दात उत्तरं देत राहिली. मला घरी आल्यावर कळलं. रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या शनिवारी पेटी उघडण्याआधी मी तिला म्हटलं, "मागच्या वेळी मी विचारलं ते मला विचारायला नको होतं. माझं चुकलं." तिनं काही म्हटलं नाही. पेन धुऊन आणलेत का, असं विचारलं. त्यावरून मी समजले की आज काम होईल. मुलांसमोर 'माझं चुकलं' म्हणायची आपल्याला सवय नाही. करा. त्याला दुसरा उपाय मला सापडला नाही.

आडनाव, जात, लग्न, मार्क, पगार हे विषय बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा, आज काय खाल्लं, हॉस्टेलवर पाणी किती वाजता जातं, बस कुठली, घरी कोण हातानं काय काम करतं. गिरणीची गोष्ट मला याच प्रश्नातून कळली.

मुलगा गप्प असेल, सारखा फोनमध्ये बघत असेल, तर त्याचा अर्थ लगेच अपमान असा लावू नका. काही मुलं एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजनेतून) येतात, त्यांना वर्षाला १२० तासांचं समाजकार्य भरायचं असतं. ती सुरुवातीला तास मोजतच येतात, आणि त्यात गैर काही नाही. शिवाय आपली त्यांना भीती वाटते. चुकून काही बोललो तर, यांना काही झालं तर, ऐकू आलं नाही तर. ऐकू कमी येत असेल तर स्वतःच आधी सांगा, कुठल्या कानानं नीट येतं ते सांगा आणि त्या बाजूला बसवा. हॉलमध्ये चौदा जोड्या एकदम बोलत असतात, भिंतीकडची जागा धरा. भाषेचं म्हणाल तर आमच्या टेबलावर गुजराती, मराठी, हिंदी तिन्ही चालायच्या. बडोदेकरांना ते सांगायला नको.

तीन-चार शनिवारांनंतरही सूर जुळलाच नाही तर मॅडमना एकट्यात गाठून जोडी बदलून मागा. आमच्यात दोन बदलल्या, दोन्ही पुढे चांगल्या चालल्या.

खाडे होतात. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, शनिवार गेला. पुढच्या शनिवारी गणेश चतुर्थी. पुराच्या दिवसांत लाइट जात-येत होते. मी मुलीला व्हॉइस मेसेज पाठवला, ठीक आहेस ना, हॉस्टेलमध्ये पाणी शिरलं का. तो मी आयुष्यात स्वतः पाठवलेला दुसरा व्हॉइस मेसेज होता, पहिला सरावाचा. खाडा झाला तर असा एक मेसेज जरूर पाठवा. पुढच्या भेटीत तिथूनच बोलणं सुरू होतं.

शेवटचा शनिवार

हे आधीपासून मनाशी धरून चला की सेमिस्टर संपतं. नेदरलँड्समध्ये डेव्हेंटर गावच्या एका वृद्धाश्रमात कॉलेजची मुलं भाडं न देता राहतात आणि बदल्यात महिन्याला ३० तास तिथल्या आजी-आजोबांबरोबर घालवतात, असं आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांचे डोळे चमकले होते. आपल्याकडे दहा शनिवार आहेत. मुलगी पुढच्या वर्षात जाते, नोकरीच्या मागे लागते, फोन कमी होतात. पहिल्या वेळी मला नोव्हेंबर फार रिकामा गेला. दुसऱ्या वेळी मी आठव्या शनिवारीच ठरवून घेतलं: शेवटच्या दिवशी काम अर्धवट ठेवायचं नाही, आणि शिकलेलं एक तरी पुढे कुणाला शिकवायचं. मी भजनी मंडळातल्या चौघींना चेहऱ्यावरून दाखला द्यायला बसवलं. त्यांचे फोन त्यांच्याच हातात, माझे हात मांडीवर.

शेवटच्या दिवशी भाषणं असतात, प्रमाणपत्रं असतात, फोटो असतो. त्याआधीचा अर्धा तास आपल्या जोडीसाठी राखून ठेवा. पहिल्या बॅचच्या शेवटच्या शनिवारी आम्ही पेनं धुतली. शाईची पेनं तशीच ठेवली तर आत शाई वाळते आणि नळी कायमची बसते. कोमट पाण्यात भाग सुटे करून ठेवायचे, पाणी निळं-काळं यायचं थांबेपर्यंत बदलायचं, आणि टोकाच्या आतली बारीक तार वाकू द्यायची नाही. ते तिनं केलं. मी पाणी बदलत राहिले. ०.३चं पेन मी तिला देणार होते, पण नियम आमचाच होता, भेटवस्तू नाहीत. म्हणून म्हटलं, हे तुझ्याकडे ठेव, पाटीचं काम झालं की परत आण.

उत्तरायणानंतर एका सकाळी फोटो आला. गिरणीच्या दारावर पाटी, निळ्यावर पांढरी अक्षरं. मी दोन बोटांनी फोटो मोठा करून एकेक अक्षर तपासलं. अंतरं आमच्या कागदाप्रमाणेच होती, फक्त 'घंटी'वरचं (गुजरातीत गिरणीला घंटी म्हणतात) टिंब पेंटरनं डावीकडे घेतलं होतं. मी व्हॉइस मेसेज केला, "सरस झालीय. टिंब जरा उजवीकडे घे, पेन्सिलीची रेघ बघ." दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं, पेंटर उद्या येतोय, आणि पेन घेऊन ती पुढच्या शनिवारी बडोद्याला येतेय.